फैलका बेटावरचं खोदकाम

दोन हजार पंधरा सालानंतरची गोष्ट. कुवेतमध्ये मी बांधकामावर इंजिनियर होतो, बिऱ्हाड सालमियात. त्या हिवाळ्यात कंपनीने मला फैलका बेटावर धाडलं. बेटाच्या मध्यावर एका फार जुन्या चर्चचे अवशेष आहेत. उरल्यात त्या गुडघाभर उंचीच्या भिंती. त्यांच्याभोवती कुंपण घालायचं आणि पावसाचं पाणी वळवायला चर खोदायचा, एवढंच काम. अट एकच होती: खोदताना पुरातत्त्व खात्याच्या बाई हजर हव्यात.

बाई कुवेती, पस्तिशीच्या. डोक्याला रुमाल, पायात जाड बूट. जेसीबीसमोर उभ्या राहायच्या आणि त्यांनी हात वर केला की आम्ही थांबायचं. उकिडवं बसून त्या कुंच्याने माती झाडायच्या. बहुतेक वेळा काहीच नसायचं. मी घड्याळ बघत राहायचो.

एकदा मात्र राखेचा काळा थर लागला. त्यात माशांचे काटे आणि मडक्याच्या बुडाचा तुकडा. बाईंनी तो माझ्या हातात दिला. बुडाला अजून काजळी होती. माझं बोट काळं झालं.

“इथं कुणीतरी मासे शिजवले होते,” त्या म्हणाल्या. “लोकांना वाटतं, इथले लोक नुसती प्रार्थनाच करायचे.”

ती जागा आत घ्यायला कुंपण बाहेर सरकवावं लागलं. मॅनेजर फोनवर कुरकुरले, पण मला त्या जागेची गोडी लागली होती. जेवणाच्या सुट्टीत मी बाईंना विचारलं, “तुम्ही या बेटावर पहिल्यांदा कधी आलात?”

“मी इथलीच आहे,” त्या म्हणाल्या. “नव्वद साली इराकी सैन्य आलं तेव्हा सगळ्यांना बेट सोडावं लागलं. मग इथं राहायला कुणी परतलंच नाही.”

त्यांनी मला गाव दाखवलं. भिंतींना गोळ्यांची भोकं, रस्त्यात वाळू. एका घरापाशी त्या थांबल्या. स्लॅब अर्धा खाली आला होता. “हे आमचं. इतकी वर्षं इथं कामाला येते, पण आत जाववत नाही.”

चर्चचं काम संपलं आणि पुढचं काम आमच्याच कंपनीला मिळालं. धोकादायक घरं पाडून रस्ता मोकळा करायचा. नकाशात बाईंच्या घराची गल्लीही होती. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच त्यांना सांगितलं.

त्यांनी बुटांवरची वाळू झटकली. मग म्हणाल्या, “तिथं देखरेखीला कुणी नसेल ना?”

“नाही. ती घरं पुरातत्त्वात धरत नाहीत.”

“माझी आई अजून आहे. तिला एकदा आणलं तर चालेल?”

मॅनेजरना मी सरळ विचारलं. “एकच घर ना? शेवटी घ्या,” ते म्हणाले.

लोंबकळणारा स्लॅब आम्ही आधीच उतरवून ठेवला. मायलेकी बोटीने आल्या. म्हातारीला खुर्ची दिली. काठीने दाखवत ती सांगू लागली आणि लेक टेपने मापं घेत कागदावर घर काढू लागली. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, वडिलांची रेडिओ ऐकायची जागा. दारावरून दोघींचं वाजलं. लेक म्हणे समुद्राकडे, आई म्हणे गल्लीकडे. शेवटी लेकीने थापीने वाळू खरवडली. उंबरा गल्लीच्याच बाजूला निघाला.

“तू तेव्हा एवढीशी होतीस,” म्हातारी म्हणाली आणि दोघी हसल्या. मग लेक तशीच वाळूत बसून रडली. मी टेप गुंडाळत बाजूला झालो.

जाताना म्हातारीने मला विचारलं, “तुझं घर कुठं?”

“नाशिकला. आई असते तिथं.”

“जात जा,” ती म्हणाली आणि आमच्या गाडीत जाऊन बसली. तिला पुढचं बघायचं नव्हतं. लेक मात्र शेवटची भिंत पडेपर्यंत तिथंच उभी राहिली.

पाडकामं मी पुढेही बरीच केली. मशीन लावण्याआधी घर कुणाचं, ते विचारायची सवय मात्र तेव्हापासून लागली. कधी कुणी येतं. बरेचदा कुणाचा पत्ताच लागत नाही.