शाळेचे कपडे आणि माझं सोवळं

मुलं एकदा शाळेत जायला लागली की तुला जरा पाठ टेकायला मिळेल, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ह्यांनी सांगितलं, शेजारच्या अक्कांनी सांगितलं, माहेरहून आलेल्या मावशीनेही सांगितलं. माझा विश्वास बसला. दमलेल्या माणसाचा कशावरही बसतो.

पन्नासचं दशक सरत आलं होतं आणि आम्ही बंगळूरला बसवनगुडीत राहत होतो. सासरची माणसं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि सोवळं मात्र देशावरच्यांनाही लाजवील असं. बेळगावला माझ्या माहेरी ते सणावारापुरतं उरलं होतं, इथे रोजचं होतं. सासूबाई सोवळ्यातल्या स्वयंपाकाशिवाय घास घेत नसत. म्हणजे मी पहाटे डोक्यावरून पाणी घ्यायचं, आदल्या दिवशी उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं लुगडं नेसायचं, आणि दुपारी त्यांचं जेवण होईपर्यंत मला कुणी शिवायचं नाही. मी त्यांना बोल लावत नाही. त्यांनी आपल्या सासूखाली यापेक्षा जास्त काढलं होतं आणि त्या ते मला वरचेवर ऐकवतही असत.

या सगळ्यात एक पळवाट होती. लोकरीला विटाळ लागत नाही. तेव्हा अंगावर सुती काही नसलेलं, नुसत्या धाबळीत गुंडाळलेलं लेकरू सोवळ्यातल्या आईला चालतं. हे शास्त्र आहे म्हणतात. मला वाटतं, कुणा दमलेल्या आईनंच ते शास्त्रात घुसडलं असावं. माझा धाकटा सकाळच्या गारठ्यात असा लोकरीत गुरफटून चुलीपाशी माझ्या मांडीवर येऊन बसायचा. मी एका हाताने त्याला धरून दुसऱ्याने भाताला आधण ठेवायची. अख्ख्या दिवसात माझ्या जिवाला बरं वाटायचं ते तेवढंच.

जूनमध्ये दोघांना एकदमच शाळेत घातलं. मुलगी सहाची होती, मुलगा पुरता पाचचाही नव्हता. पण ती एकटी जाईना आणि तो तिच्यावाचून राहीना. माझी पाठ टेकायची राहिली बाजूला, उलट पहाट आणखी अलीकडे आली. सोवळ्यात गेल्यावर मुलीच्या केसांना हात लावता येईना, म्हणून अंघोळीआधीच तिला बसती करून झोपेतच तिच्या वेण्या घालायच्या. तिचं डोकं सारखं माझ्या खांद्यावर कलंडायचं आणि भांग तिरका जायचा. मुलाला कपडे घालायचं काम ह्यांच्याकडे आलं. कचेरीत मोठमोठ्या फायली निस्तरणाऱ्या माणसाला सदऱ्याची चार बटणं धड लावता येऊ नयेत, याचं मला आजही नवल वाटतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआतून, हातात डाव घेऊन, वरचं बटण खालच्या काजात गेलंय म्हणून सांगत राहायची. दोन हात लांब माझं पोर वेडंवाकडं सजत होतं, आणि मला ते नीट करता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी मुलगी गेली तरातरा. मुलगा दारापर्यंत गेला, वळला, आणि रडत थेट माझ्याकडे धावत आला. अंगात शाळेचा नवा कोरा सुती सदरा होता. मी मागे सरकले. भिंत लागेपर्यंत सरकले आणि म्हणाले, "शिवू नकोस हं, बाळा." तो थांबला. त्याला कळेचना. कालपर्यंत याच वेळी मांडीवर घेणारी बाई आज पळतेय कशाला? हे त्याला उचलून घेऊन गेले. मी सारात मीठ दोनदा घातलं, आणि सासूबाईंनी त्यात पाणी घालून ते भाताबरोबर संपवलं.

पुढे एका सकाळी त्याने मला गाठलंच. मागून येऊन कमरेला मिठी मारली. स्वयंपाक अर्धा झाला होता. मग पुन्हा डोक्यावरून पाणी, पुन्हा दुसरं लुगडं, पुन्हा चुलीला पहिल्यापासून. हंड्यातलं ऊन पाणी संपलं होतं. गार पाणी ओतून घेताना मी न्हाणीघरात एकटीच तोंडाचा पट्टा चालवला. माझ्या नशिबाला, शाळेला, सोवळ्याला, सगळ्यांना बोलले. जीव जातो का एकदाचा, असंही म्हणाले. असं मी दिवसातून चारदा म्हणत असेन, त्याला काही अर्थ नसायचा. बाहेर आले तर तो न्हाणीच्या दाराशी दप्तर घेऊन उभा होता. त्यानंतर तो सकाळी माझ्याजवळ आला नाही. मला वाटलं, रमला शाळेत. अक्काही तेच म्हणाल्या. दुपारी सासूबाईंचं आटोपून मी मोकळी होईपर्यंत तो खेळायला पळालेला असायचा आणि रात्री जेवता जेवता झोपायचा.

दसऱ्यानंतर सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला म्हैसूरला गेल्या. हे म्हणाले, अम्मा येईपर्यंत राहू दे तुझं ते सोवळं, आम्हांला काही नाही त्याचं. कितीतरी वर्षांनी मी उजाडल्यावर उठले. सावकाश न्हाले, कपाटातलं साधं पातळ नेसले. सकाळी मुलं घाईत निघून गेली, पण शाळा सुटायच्या वेळी मी स्वतः शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. मला कुणाला शिवायचं आहे म्हणून मी घराबाहेर पडले होते, आणि मनात लहान मुलीसारखी हरखले होते.

मुलगी येऊन हाताला लोंबकळली. मुलगा मागून आला. मी खाली वाकून दोन्ही हात पुढे केले. तो हातभर अंतरावर थबकला आणि त्याने सदरा दोन्ही मुठींनी अंगाशी ओढून धरला.

"लांब हो आई. मला शिवलीस तर तुला परत अंघोळ करावी लागेल. तू दमतेस."

आज काही नाही रे, आज चालतं, असं मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. माझा चेहरा त्याला रोजच्यासारखाच दिसला असणार. "असू दे," तो म्हणाला, आणि बहिणीच्या पलीकडून चालायला लागला. त्या दिवशी मी जराही दमले नव्हते, आणि हे त्याला कसं पटवायचं तेच मला कळेना.