अस्वलाचा मामा

माझ्या संसारात एक अस्वल होतं आणि ते बायकोच्या रुखवतातून आलं होतं.

खरं अस्वल नव्हे. शालन (म्हणजे आमची ही) नऊ-दहा वर्षांची असताना लोणावळ्याच्या थेटरात हाताने काढलेल्या चित्रांचा एक इंग्रजी सिनेमा आला होता. तो तिने दत्तूबरोबर पाहिला. दत्तू हा तिकोणा पेठेतला तिचा आतेभाऊ, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. आता आतेभाऊ म्हणजे काय हे मावळात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मामाच्या मुलीवर पहिला हक्क त्याचा! पण सासऱ्यांना नोकरीवाला जावई हवा होता आणि मी वडगावच्या कोर्टात कारकून होतो, म्हणून माझा नंबर लागला. दत्तू सहा फूट उंच, मिशीवाला, भाताच्या चार खाचरांचा धनी. माझं वजन तेव्हा पंचेचाळीस किलो होतं (चष्म्यासकट).

त्या सिनेमातलं एक अक्षर कोणाला कळलं नव्हतं. दत्तूने म्हणे सगळी गोष्ट शालनच्या कानात सांगितली. लग्नाला आठ वर्षं झाली तरी ती गोष्ट आमच्या घरात चालूच होती.

"ते अस्वलाचं पिल्लू सारखं हाका मारतं, मामा, मामा. आणि नदीला पूर येतो, त्यात मामा जातो. मी विचारलं, कुठं गेला? तर दत्तू म्हणाला, वडगावला तारखेला गेला."

"पुरातून?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणतो, इंद्रायणीतनं जवळ पडतं."

आणि मग ती हसायची. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. मी कोर्टातले एकाहून एक किस्से सांगायचो, तेव्हा ती "मीठ देऊ का?" असं विचारायची. मी जळायचो. दत्तू दिवाळीला आंबेमोहराचं पोतं घेऊन यायचा आणि त्या भाताचा वास घरभर सुटला की मला जेवण जायचं नाही. (जायचं. पण तोंड वाकडं करून.)

अशात तोच सिनेमा पुन्हा लोणावळ्याला लागला. शालनने आणि सहा वर्षांच्या आमच्या मंगलने हट्टच धरला. मी मात्र तयारीनिशी जायचं ठरवलं. गावातल्या शाळेचे इंग्रजीचे मास्तर गाठले आणि त्यांना विचारलं, हे अस्वल मामाला का हाका मारतं? ते म्हणाले, "अहो, इंग्रजीत मामा म्हणजे आई."

मला पेढे वाटावेसे वाटले. सगळी गोष्टच चुकीची! दत्तू आठ वर्षं माझ्या घरात खोट्या गोष्टीवर भाव खात होता. हे मी शालनला घरी सांगितलं नाही. थेटरात, पडद्यावरचा पुरावा समोर असताना सांगायचं, असा माझा कोर्टातला बेत.

रविवारी तीनचा खेळ. आसपासच्या गावांतली माणसं पोराबाळांसकट आलेली. पिल्लाने पहिली हाक मारली, "मामा!" मी घसा साफ केला.

"शालन, इंग्रजीत मामा म्हणजे आई."

"हळू बोला."

"अगं, पण आई! दत्तूला कळलंच नव्हतं."

पुढच्या बाकावरचे एक पागोटेवाले आबा वळले. "काय म्हन्ता? मामा म्हंजी आई?"

"हो."

"मग मामीला काय म्हन्त्यात?"

हे मी मास्तरांना विचारलं नव्हतं. तोवर ही बातमी बाकाबाकांवरून थेट पडद्यापर्यंत पोचली होती. तेवढ्यात पूर आला आणि अस्वलीण वाहून गेली. 

"बाबा, मामा कुठे गेला?" मंगलने विचारलं.

"मामा नाही, आई. ती वाहून गेली."

"मग कधी येणार?"

"आता नाही येणार." (शपथेवर खरं बोलणाऱ्यांत दिवस गेलेले. सवय लागते.)

मंगलने भोकाड पसरलं. तिचं ऐकून शेजारच्या पोराने, मग त्याच्या पलीकडच्या दोघांनी. पाच मिनिटांत सगळ्या थेटरातली पोरं आपापल्या आयांच्या गळ्यात पडून रडत होती आणि आयाही डोळ्यांना पदर लावत होत्या. एक मावशी उठून उभी राहिली.

"कोन म्हनला ती मेली म्हून? लेकरं बिथारली समदी. तोंड तरी बघू त्या मेल्याचं."

दारावरच्या माणसाने बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर मारला. आबा म्हणाले, "आरं, ह्ये तर वडगावच्या कोर्टातलं कारकून."

आता मार तरी पडणार किंवा नोकरी तरी जाणार. मी उभा राहिलो. तोंडातून आवाज निघाला, तो माझा नव्हताच.

"कोणी मेलेलं नाही! तो मामाच आहे. वडगावला तारखेला गेलाय."

रडणं थबकलं. मावशी म्हणाली, "पुरातनं?"

"इंद्रायणीतनं जवळ पडतं."

"आसं व्हय," आबा म्हणाले. "जमिनीची केस आसंल. मग लय दिस लागत्याल."

"भाऊसाहेब, तुमी तितंच हाय की," मागून कोणीतरी म्हणालं. "तारीख कवाची हाय?"

"पुढच्या सोमवारची."

"बाबा, तुम्ही त्याला लवकर घरी पाठवा," मंगल हुंदका देत म्हणाली. मी तिला सगळ्यांदेखत शब्द दिला. थेटर शांत झालं. शालन पदर तोंडात धरून गदागदा हसत होती. माझ्या बोलण्यावर ती पहिल्यांदाच इतकी हसत होती आणि बोलणं दत्तूचं होतं!

स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी म्हणालो, "काही म्हण, पण दत्तूचा अर्थ चुकीचाच होता."

"चुकीचा नव्हता. त्यालाही कळलं होतं आणि मलाही. पडद्यावर ते पिल्लू तिला पीत होतं हो. मामाला कोणी पितं का?"

"मग त्याने तसं का सांगितलं?"

"माझी आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते," शालन म्हणाली. "मी रडू नये म्हणून."

तिची आई लहानपणीच गेली हे मला ठाऊक होतं. ती त्याच साली गेली, हे आठ वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. बारा-तेरा वर्षांच्या पोराने एका शब्दाचा अर्थ मुद्दाम चुकवून एका मुलीला हसवलं होतं. आणि मी चांगला बाप्या माणूस, मास्तरांकडून बरोबर अर्थ काढून आणून अख्खं थेटर रडवून आलो होतो.

तोवर मी दत्तूवर उगाच जळत होतो. त्या दिवसापासून सकारण जळतो.