एसीची खोली आणि फॅक्टरीचा भोंगा

आज लेकीसोबत हॉस्टेल बघायला गेले. दारातच तिने सांगून टाकलं, "आई, एसी नसेल तर हे कॉलेज कॅन्सल!"

मी ओरडणार होते, पण कुठल्या तोंडाने? सत्त्याऐंशीला मीही पुण्याचं कॉलेज धरलं ते हॉस्टेलच्या पंख्यासाठी. अंबरनाथला बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये पाच जणांत एकच पंखा होता.

हॉस्टेलच्या पंख्याखाली मस्त झोपले आणि पहिलंच लेक्चर बुडवलं. गजर लावायची सवयच नव्हती ना! घरी पहाटे फॅक्टरीचा भोंगा व्हायचा आणि पाठोपाठ बाबांची हाक, "ऊठ गं बाय, भोंगा झाला."

आज त्या गारेगार खोलीत लेकीला विचारलं, "तुला इथे उठवणार कोण?"

"मोबाईल," ती म्हणाली.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हाला घरी कोण उठवायचं हो?