दोन बाजू, सात वार

मी शेजारच्या वहिनींना मूळव्याधीचं चूर्ण नेऊन दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सिंगापूरला, बुकित बातोक भागात, त्या आमच्याच मजल्यावर राहायच्या. नवरा बोटीवर इंजिनियर, चार-चार महिने समुद्रात. आमच्याकडे आल्या की वहिनी भिंतीला खांदा टेकून उभ्या. "बसा ना," म्हटलं की, "नको भावजी, उभीच बरी." खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशीही हातात ताटली धरून उभ्यानं नूडल्स खायच्या. कॉफीवाली चिनी आजी ओरडायची, "सिट लाह!" आता सांगा, तुम्ही काय समजला असतात? मीही तेच समजलो. फरक इतकाच, की तुम्ही गप्प राहिला असतात.

पुडीवरची अक्षरं वाचून वहिनी इतक्या हसल्या, की शेवटी डोळे पुसायला लागल्या. खरं कारण त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला. मूल व्हावं म्हणून उपचार चालले होते. दोनदा फसले होते. या खेपेला दिवस राहिले होते, आणि ते टिकावेत म्हणून रोज कमरेखाली एक इंजेक्शन. तेलातलं औषध. आत जाताना ठणका लावायचं आणि मागे सुपारीएवढी गाठ ठेवून जायचं.

"देवानं बाजू दिल्या दोन आणि वार केले सात," वहिनी म्हणायच्या. "एक गाठ विरते न विरते, तोच परत त्याच बाजूची पाळी."

बायको लग्नाआधी नर्स होती, म्हणून टोचायचं काम तिच्याकडे. तेल गार असलं की जास्त दुखतं, म्हणून कुपी मुठीत धरून ऊब द्यायचं काम माझ्याकडे. मी खुडूक कोंबडीसारखा बाहेर बसून राहायचो. मग बायको कुपी घेऊन आत जायची. आतून आधी "स्स" ऐकू यायचं आणि मागोमाग वहिनींचा आवाज, "दुखू दे, दुखू दे."

एकदा मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांना विचारून एखाद्या दिवसाची सुट्टी घ्या की."

"नको. दुखतंय म्हणजे चालू आहे, भावजी. दुखायचं थांबतं ना, त्याची मला भीती वाटते. दोनदा थांबलंय."

मग कंपनीनं मला आठवडाभर मलेशियाला पाठवलं. परत आलो, दार उघडलं, तर वहिनी आमच्या सोफ्यावर. चांगल्या पाठ टेकून, मांडी घालून बसलेल्या. मी बॅग खाली टाकली आणि चक्क टाळ्या वाजवल्या.

"अरे वा! बसलात! सुटली की कंबर!"

बायको जमिनीकडे बघत होती.

"हो," वहिनी म्हणाल्या. "आता काहीच दुखत नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याला अजून कळवायचं होतं. त्याची बोट बंदराला लागायला अवकाश होता. अशा वेळी शहाणा माणूस स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकतो. मी बोलायला लागलो. वय अजून गेलेलं नाही, विज्ञान कुठल्या कुठे पोचलंय, माझ्या एका मावसबहिणीला तर पंधरा वर्षांनी...

मावसबहिणीपर्यंत त्यांनी मला येऊ दिलं.

"भावजी, तुम्ही माणूस फार चांगले आहात," त्या म्हणाल्या. "पण तोंड बंद असतं तेव्हाच."