चालण्यात पहिलं आलेलं गाव

बोडीटोल्याच्या यादोरावांच्या घराण्यानं गावासाठी काय केलं, हे विचारायची वेळच येत नसे, कारण न विचारताच ते सांगत. पणजोबांनी तलाव बांधला, आजोबांनी त्याची पाळ उंच केली, वडिलांनी पाळीवर आंबे लावले. यादोराव सरपंच झाले तेव्हा बांधायला, उंच करायला आणि लावायला काही उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी पाटी लावली. दवनीवाड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशी, निळ्या अक्षरांत 'हे गाव हागणदारीमुक्त आहे'. त्याबद्दल गोंदियाला सत्कार झाला, शाल मिळाली. पुढं सरपंचकी गेली, पण शालीची ऊब काही गेली नाही.

आता गाव मुक्त कसं झालं, तर फोटोपुरतं झालं. घरोघरी संडासाच्या खोल्या उभ्या राहिल्या, दारं बसली, दारांपुढं घरच्या बाया हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या राहिल्या आणि फोटो निघाले. खाली खड्डे खणायचे तेवढे राहून गेले. मग कुणी त्या खोल्यांत गोवऱ्या रचल्या, कुणी कोंबड्या कोंडल्या. आणि सारं गाव पहाटे टमरेल घेऊन पूर्वीसारखंच तलावाच्या पाळीकडे जात राहिलं, पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला.

एक खरा संडास मात्र गावात होता, आणि तो यादोरावांच्या अंगणात होता. खड्डा खोल, नळाला पाणी, भिंतीला पांढऱ्याशुभ्र फरश्या. पाहणीला कुणी साहेब आला की त्याला हाच दाखवायचा. तो शुभ्र राहावा म्हणून यादोराव त्याला कुलूप लावत आणि किल्ली करदोड्याला बांधत. त्यांची बायको धुरपताबाई नवरी होऊन आली तेव्हापासून पाळीवर जात होती, ती पुढंही पाळीवरच जात राहिली. "घरचा असून काय कामाचा?" असं तिनं एकदा विचारून पाहिलं.

"अवो, नमुना हाये तो," यादोराव म्हणाले. "नमुना का कोनी वापरते?"

मग जिल्ह्याचा आराखडा आला. उद्यानं, पायवाटा, विरंगुळ्याच्या जागा. पुढची वीस वर्षं जिल्ह्यातल्या माणसानं कुठं बसावं, कुठं चालावं आणि कुठं मन रमवावं, हे त्यात ठरायचं होतं. ज्या कंपनीनं हे काम घेतलं होतं, तिचा इंद्रकुमार नावाचा तरुण गोंदियाहून गाडी घेऊन आला. लोक कुठं चालतात हे लोकांनाच विचारावं, तर लोक थापा मारतात. म्हणून तो गावोगाव खांबांवर मोजणीची यंत्रं टांगत होता. यंत्राला एवढंच कळायचं की बाई गेली, पुरुष गेला, बाई आली, पुरुष आला. कशाला गेला, हातात काय घेऊन गेला, असल्या भानगडीत ते पडत नसे. असं एक यंत्र त्यानं पाळीवरही टांगलं.

पंधरवड्यानं तो धावतच आला. "काका, कमाल आहे तुमचं गाव! पूरे जिल्ह्यात इतके वॉकर नाहीत. अन् सगळे सूरज निकलने के पहले! लेडीज तर जेंट्सच्याही आधी. ही आवड लावली कुणी?"

खरं उत्तर यादोरावांच्या घशाशी आलं होतं. पण खरं सांगावं तर पाटी खोटी ठरणार, आणि पाटी खोटी तर शालही खोटी. "आता आपल्याच तोंडानं कायले सांगू," ते म्हणाले, "पर लावली मीनंच."

आणि घरोघर फिरून ते अळीमिळी गुपचिळी करून आले. "कोनी विचारलं तं फिराले जातो मनाचं. गावाच्या इज्जतीचा सवाल हाये." गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फिरायला जातो म्हटल्यानं पोट साफ व्हायचं थोडंच थांबतं?

पण थांबलं. पावसाळ्याआधी पाळीवर फरशी बसली. खांब लागले आणि खांबांवर असे दिवे लागले की त्यांच्या उजेडात तांदूळ निवडून घ्यावेत. आंब्याखालच्या ज्या आडोशाला बाया बसत, तिथं बाकडी आली. पांढरे बूट घातलेली माणसं भल्या पहाटे गोंदियाहून गाड्यांतून उतरून, हात वर करून, तब्येतीसाठी मोठमोठ्यानं हसू लागली. फीत कापायच्या वेळी यादोरावांना 'चालण्याच्या चळवळीचे जनक' म्हणण्यात आलं. दुसरी शाल मिळाली.

गाव टमरेल घेऊन नहराकडे, म्हणजे कालव्याकडे वळलं. पाळ यादोरावांच्या घरामागंच होती, नहर पार शिवेजवळ. येताना धुरपताबाई वाटेत दोनदा टेकायची.

"अजी, किल्ली द्या न," ती म्हणाली. "माहे टोंगरे धरून राहिले. येवढ्या दूर जानं नाई होत माह्यानं."

"साहेब लोक कवा टपकतीन सांगता येत नाई. आन् चालल्यानं टोंगरे मोकरे होतेत, इंद्रकुमारच सांगत होता."

स्वतः यादोराव मोटारसायकलला किक मारून शेतातल्या पंपघरामागं जाऊन येत. त्यामुळे त्यांच्या गुडघ्यांचा प्रश्न नव्हता.

इकडे आराखडेवाल्यांना घोर लागला. पाळ एवढी सजवली आणि गावचं एक माणूस तिकडे फिरकेना. इंद्रकुमारनं यंत्र काढून शोध घेतला, तर सगळे वॉकर नहरावर सापडले. "गावाला फरशी नको, नेचर पाहिजे," असा त्यानं निष्कर्ष काढला आणि नहराची वाट दुसऱ्या टप्प्यात घातली. नहरावर दिवे लागले. गाव मोहाच्या झाडांकडे सरकलं. यंत्र मागोमाग मोहाकडे गेलं. गाव ज्या ज्या आडोशाला बसायला जाई, त्या त्या आडोशाला आराखडा उजेड घेऊन पोचत असे. इंद्रकुमारच्या नकाशावर बोडीटोल्यातून हिरव्या रेघा चहूकडे पसरत गेल्या आणि मोठमोठे साहेब त्यांच्याकडे कौतुकानं बघू लागले. यादोराव चळवळीचे जनक म्हणून प्रत्येक टप्प्याला संमती देत होते आणि प्रत्येक टप्प्याला शाल घेत होते. शाली ठेवायला त्यांनी नवी पेटी आणली.

धुरपताबाईनं संध्याकाळचं जेवण सोडलं. खाल्लंच नाही तर जावं लागत नाही, एवढा साधा हिशेब. मग पाणीही घोट-घोट प्यायला लागली. यादोरावांना हे दिसत होतं. लाज वाटायला हवी होती, पण इतक्या शालींखाली त्या लाजेला अंग चोरूनच बसावं लागत असणार. 'बाईमाणसाचे उपासतापास असतेतच,' असं म्हणून ते स्वतः मात्र दुसऱ्यांदा भात वाढून घेत.

एका पहाटे मोहाकडून येताना धुरपताबाई शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरून पडली. शेजारची अनुसयाबाई तिला खांद्याचा आधार देत घरी घेऊन आली. धुरपताबाईनं अंगणात पाय ठेवला, पडवीतली कुऱ्हाड उचलली आणि कुलपावर घातली. यादोराव पंपघराकडून परतले तेव्हा कुलूप मातीत पडलं होतं आणि बायको आत होती.

"अवो, नमुना हाये तो!" ते दाराबाहेरून ओरडले.

"मंग नमुन्यावानीच बसून राहिली न मी," आतून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई आली. मग गल्लीतल्या बाया आल्या, मग पलीकडच्या गल्लीतल्या. पहाटे यादोरावांच्या अंगणात बायांची रांग लागू लागली. गप्पा व्हायच्या, थट्टा व्हायची, नळ वाहायचा. धुरपताबाई दोन्ही वेळ जेवायला लागली आणि तिच्या तोंडावर तरतरी आली. यादोराव मात्र मोटारसायकल ढकलत त्या रांगेतून मान खाली घालून बाहेर पडत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मोहाकडची बायांची वर्दळ आटली, हे यंत्रानं इमानेइतबारे कळवलं. शोधत शोधत इंद्रकुमारनं ते यादोरावांच्या गल्लीत टांगलं, आणि थोड्याच दिवसांनी लाल झेंड्यांचा भारा घेऊन अंगणात हजर झाला.

"काका, सगळ्या लेडीज तुमच्या घरी! महिला व्यायाम केंद्र आता इथंच. या बाजूला लोखंडी मशीन, दोन मोठे दिवे, अन् सेफ्टीसाठी कॅमेरा, बरोबर त्या दाराच्या समोर." आणि तो झेंड्या रोवायला लागलासुद्धा.

नहर सरकारचा होता, मोह रानातले होते. हे अंगण यादोरावांचं होतं. त्यांनी इंद्रकुमारला बाजूला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले. "साहेब, ह्या बाया व्यायामाले नाई येत. संडासाले येतेत. पाळीवर बी त्याच्याचसाठी जात होते सारे, नहरावर बी."

त्यांना वाटलं, आता आभाळ कोसळणार. इंद्रकुमारनं हातातली झेंडी नीट रोवली. "मालूम आहे काका."

"काय मालूम हाये?"

"सब मालूम आहे, पहिल्या दिवसापासून. पूरे गोंदियाला मालूम आहे. पण कागदावर तुमचं गाव मुक्त. मग इतके लोक पहाटे कशाला निघतात? फिरायलाच निघत असतील. दुसरं काय लिहू मी?" मग तो जरा नरमला. "तुम्ही एक करा. मुक्तीच्या कागदावर सरपंच म्हणून सही तुमचीच होती. आता गाव मुक्त नाही, एवढं सही करून लिहून द्या. हे केंद्र मी इथंच रद्द करतो, अन् पुढच्या टप्प्यात दिव्यांच्या जागी घरोघरचे खड्डे टाकायला लावतो."

त्यानं कोरा कागद पुढं केला. धुरपताबाई दाराशी टेकून सगळं ऐकत होती. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली. यादोरावांनी कागद घेतला, पेन उघडलं. एका ओळीचं काम होतं. त्यांनी पेन मिटलं.

"केंद्राले माह्या बाबुजीचं नाव देता येईन का?"

"देता येईल," इंद्रकुमार म्हणाला आणि दुसरी झेंडी रोवायला वाकला.

धुरपताबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती आणि पायात चपला होत्या.

"चालली कुठं?" यादोरावांनी विचारलं.

"आमगावले, माह्या भावाकडं. तिथं पोटभर जेवता येते."

"आन् येशीन कवा?"

धुरपताबाई गुडघ्यावर हात ठेवत झेंड्यांमधून वाट काढत फाटकापर्यंत गेली. तिथं थांबली, पण मागं वळली नाही.

"तुमचा वीस सालाचा आराखडा पुरा झाला का सांगजा," ती म्हणाली. "मंग पायतो."