खंडेनवमीला निजवलेला सर्व्हर

आमच्या दूध संघाच्या नोंदींचं मशीन, म्हणजे सर्व्हर, शाहूपुरीतल्या ऑफिसात, आणि ते सांभाळायचं काम माझं. एकदा त्याची डिस्क उडाली, सकाळच्या सगळ्या नोंदी गेल्या आणि सभासदांनी माझी पार अब्रू काढली. म्हणून शिरोळच्या शाखेत दुसरं मशीन बसवलं. इथं पडलेल्या प्रत्येक नोंदीची प्रत लगोलग तिकडं जायची, आणि शिरोळच्या मशीननं 'पोचली' म्हटल्याशिवाय दुधाची पावती निघायची नाही. एक नोंद हरवली तर नावाचा नाही, असंही बोलून बसलो.

खंडेनवमीला सकाळी ऑफिसात पूजेचं ताट फिरत होतं. मशीनच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही म्हणून मी ते परत पाठवलं. तेवढ्यात दूध उतरवतात त्या प्लँटच्या फाटकावरनं फोन. पावती निघंना, पावतीबिगर दूध उतरंना. भरलेल्या गाड्या उन्हात उभ्या, आणि ड्रायव्हर माझ्या नावानं शंख करतायत!

मी शिरोळच्या शाखाप्रमुखांना फोन लावला. "तुमचं मशीन बंद हाय काय?"

"व्हय की! झेंडू, हळद-कुंकू, समदं रीतसर केलंय. आज त्याला इसावा. उद्या दसऱ्याला चालू करतो."

"आवं, हितं दूध नासायला लागलंय! आत्ता चालू करा!"

"पुजल्यालं उठवू? ते माझ्याच्यानं न्हाय व्हायचं, साहेब."

काय बोलायचं, सांगा! नांगर पुजा, टेम्पो पुजा, पण ज्याच्या एका 'व्हय'वर सगळा संघ चालतो त्यालाच निजवायचं? घसा बसेपर्यंत ओरडलो. ते म्हणाले, "प्रसाद पाठवतो."

शेवटी दातओठ खात सेटिंगमधनं शिरोळचं नाव काढलं; आता त्यांच्या 'पोचली'ची वाटच बघायची नाही. अडकलेल्या पावत्या भराभर निघाल्या, दूध उतरलं. घोटभर चहा घेतोय तोवर परत त्यांचाच फोन.

"उतरलं का दूध?"

"उतरलं."

"आमच्याबिगर?"

"व्हय."

"मग रोज कशाला राबवताय ह्याला?"

मी फोन आपटला. अहो, आता येईल त्या नोंदीची दुसरी प्रत कुठंच नव्हती! उद्यापर्यंत सगळा भार ह्या एकाच मशीनवर. मशीनच्या पंख्याचा आवाज जरा बदलला की मी खोलीकडं धावायचो. चिडचिड नुसती.

संध्याकाळी खोलीचं दार आतनं लावलं, मशीनला कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले. बंद मात्र केलं नाही.