नांदेडातली जर्मनी

माझे वडील हेडमास्तर होते आणि त्यांना लॅमिनेशनचा नाद होता. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, अण्णांनी लॅमिनेशन केलं. रेशनकार्ड, सातबारा, माझं पाचवीच्या स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र, एवढंच काय, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची चिठ्ठीसुद्धा. उदगीरच्या आमच्या घरातलं कपाट उघडलं की आतलं सगळं लखलख करायचं. मला जर्मनीतल्या दवाखान्याचं नोकरीचं पत्र आलं, त्या दिवशी अण्णा आनंदाच्या भरात माझी नर्सिंगची सगळी मूळ प्रमाणपत्रं घेऊन बाजारात गेले आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून आणली. आता पन्नास वर्षं यांना काही होत नाही, म्हणाले.

खरंच काही होईना. बाहेरच्या देशात जायचं तर मूळ कागदावर सरकारी शिक्का लागतो, आणि प्लास्टिकवर कुणी शिक्का मारत नाही. मुंबईतल्या खिडकीमागच्या माणसानं माझं प्रमाणपत्र बोटानं टकटक वाजवलं, माझ्याकडं बघितलं आणि परत सरकवलं. दुसरी प्रत काढा, म्हणाला. दुसरी प्रत म्हणजे आधी कॉलेज, मग बोर्ड, मग कौन्सिल, मग पुन्हा तीच खिडकी. म्हणजे चार-सहा महिन्यांची निश्चिंती.

आता एवढ्यानं काही आभाळ कोसळत नाही. पण तोपर्यंत माझा सत्कार झाला होता.

आमच्याकडं माणूस काही करो न करो, सत्कार आधी होतो. मी लातूरच्या एका खासगी दवाखान्यात आठ वर्षं नर्स होते. त्या आठ वर्षांत आमच्या पाहुण्यारावळ्यांना मी काय काम करते हे सांगायची लाज वाटायची. "मेडिकल लाइनला आहे" एवढंच सांगायचे, जणू मी गोळ्याच विकत होते. तेच सगळे पहिल्या रांगेत फेटे बांधून बसले. शाल झाली, नारळ झाला. एका पुढाऱ्यानं माझा उल्लेख तीनदा डॉक्टर असा केला, आणि जर्मनीचं आरोग्य आता आपल्या लेकीच्या हातात आहे असं सांगून टाळ्या घेतल्या. चौकात फ्लेक्स लागला. त्यात मागं बर्फाचा डोंगर, वर विमान, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली मी, आणि खाली शुभेच्छुकांचे एकोणीस चेहरे. त्यातले आठ माझ्यापेक्षा मोठे होते. जाण्याची तारीखही अण्णांनी भाषणात जाहीर करून टाकली.

त्या सगळ्या गर्दीत शेजारच्या काकू तेवढ्या माझ्याशी माणसासारखं बोलल्या. त्यांचं बीपी बघायला मी सुट्टीवर आले की रोज जायची, मशीनही मीच आणून दिलं होतं. काकूंनी कारळाच्या चटणीची पुडी हातात दिली. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, तिला पाचवा लागला होता. सत्काराला आली होती, ती माझा हात सोडेना. माझ्या वेळी तू नसशील ना ताई, म्हणाली. आता अशा वेळी माणूस काय बोलतं? कुठंही असले तरी तुझ्या वेळी येईन, असं मी सांगून मोकळी झाले.

मुंबईची खिडकी त्यानंतर आठच दिवसांनी. लातूरची नोकरी सोडलेली, तिथंही केक कापून झालेला. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. माझ्या हातानं तुझ्या कागदाला प्लास्टिक फासलं गं, एवढंच म्हणत राहिले. मला खरं तर त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण उभ्या आयुष्यात हजारभर पोरांच्या चुका लाल शाईनं काढलेला माणूस स्वतःच्या एका चुकीपुढं असा बसलेला बघवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला. ठरलेल्या तारखेला निघायचं. नांदेडला मावशीकडं राहायचं. कागद आले की तिथूनच परस्पर विमानाला जायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही.

आणि मी हो म्हणाले. शिकलीसवरलेली बाई मी, सलाइन लावते, हो म्हणाले!

ठरल्या दिवशी गल्ली लोटली. आईनं ओवाळलं, बायकांनी डोळे पुसले, जीप हैदराबादच्या विमानासाठी म्हणून बिदरच्या रस्त्याला लागली. गाव मागं पडल्यावर अण्णांनी ती वळवायला लावली आणि आम्ही नांदेडला निघालो. जीपवाल्याला अण्णांनी शपथ घातली. त्यानं तोंडातला पान-मसाला सांभाळत मान हलवली.

मावशी एकटीच राहायची, दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर. मे महिन्यातलं नांदेड ज्यानं बघितलं नाही त्याला काय सांगावं! अण्णांचा हुकूम होता की दर रविवारी गल्लीतल्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल करायचा, नाहीतर संशय येतो. कॉल स्वेटर घालून करायचा. मी म्हटलं, अण्णा, मे महिन्यात तिकडंही ऊन असतं. त्यांनी ऐकलं नाही, लोकांना जर्मनी म्हणजे बर्फच माहीत आहे म्हणाले. मग काय, स्वेटर, वर कानटोपी, मागं मावशीच्या स्वयंपाकघरातली पांढरी फरशी. कूलरचा आवाज जायला नको म्हणून तोही बंद. मावशी बाजूला ओला टॉवेल घेऊन उभी असायची, कॉल संपला की माझ्या डोक्यावर टाकायची. एकदा ऐन कॉलमध्ये खालून भंगारवाला ओरडत गेला. अण्णांनी दुसऱ्या दिवशी गल्लीत फिरून सांगितलं की तिकडं आपली माणसं फार झालीत, सगळे धंदे आपल्याच हातात आहेत. नंबर इथलाच कसा असं कुणी विचारलं तर रोमिंग. घड्याळातला साडेतीन तासांचा फरक त्यांनी वहीत लिहून ठेवला होता आणि माझ्यापेक्षा तेच तो जास्त पाळायचे. दुपारी फोन केला तर म्हणायचे, आत्ता तुझी सकाळ आहे, जांभई दे.

असे अकरा आठवडे गेले. मी गच्चीवरसुद्धा तोंडाला रुमाल बांधून जायची. इकडं माझ्या हातांना काम नाही. वॉर्डात बारा-बारा तास उभं राहून कंटाळणारी मी, मावशीची नाडी दिवसातून चारदा बघायला लागले.

बाराव्या रविवारी काकूंना कॉल लावला तर त्यांची लेक समोर आली. आठवा महिना लागला होता. तिचं तोंड बघून मी फोन डोळ्यांजवळ घेतला. डोळ्यांखाली सूज, बोटातली अंगठी रुतलेली. सारखं डोकं दुखून राहिलंय ताई, डोळ्यापुढं काजवे चमकतात, म्हणाली. मी काकूंना मशीन लावायला सांगितलं. एकशे सत्तरवर एकशे दहा. मी कानटोपी काढून फेकली आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, जेवत बसू नका. काकूंनी जास्त काही विचारलं नाही. तासाभरात निरोप आला की उदगीरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय, मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलंय, निघतोय.

दुपारी दोनच्या सुमारास काकूंचा फोन आला. साधा, व्हिडिओ नाही.

"नांदेडला आलोय माय," त्या म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात."

आणि गप्प बसल्या. मी वाट बघत होते की त्या पुढं काही बोलतील. मागं वॉर्डातले आवाज येत होते, ट्रॉली, कुणाचं तरी कण्हणं. तो दवाखाना मावशीच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. मी काय बोलले ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. मी म्हणाले, काळजी करू नका काकू, तिथले डॉक्टर चांगले आहेत, मी फोनवर आहेच. बरं, म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून वहीची पानं वाजली. मग म्हणाले, नऊ-दहा तासांचं विमान, हैदराबादहून पुढं चार-पाच तास. तू असं कर, उद्या सकाळी जा. तातडीची रजा काढून आलीस असं सांगता येईल.

माझं डोकंच फिरलं. जन्मात पहिल्यांदा मी अण्णांवर ओरडले. तोपर्यंत ती मरेल अण्णा, असं म्हणाले. त्या पोरीला त्यांनी स्वतः चौथीत शिकवलं होतं.

"जा," अण्णा म्हणाले. "जा बाळ. काय व्हायचं ते होऊ दे माझं."

मावशीच्या चपला घालून मी धावले. पोहोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. लेकीला ऑपरेशनला न्यायची तयारी चालली होती. ती भीतीनं कुणाला हात लावू देत नव्हती, सही घ्यायला आलेल्या पोरीवर ओरडत होती. मला बघितलं आणि तिनं फक्त हात पुढं केला. मी तिथली कुणीच नव्हते, पण काम तर माझंच होतं. डॉक्टर काय म्हणतात ते तिला तिच्या भाषेत सांगितलं, केस बांधले, अंगठी साबण लावून काढली, थिएटरच्या दारापर्यंत ट्रॉलीबरोबर चालत गेले. पावणेपाचला मुलगी झाली. दोन किलोची, पण आवाज मात्र भंगारवाल्याच्या वरताण. आई शुद्धीवर होती, बीपी उतरत होतं.

मग मी आणि काकू बाकड्यावर बसलो. मी मनात जुळवाजुळव करत होते, रजा म्हणू, काम म्हणू, काय म्हणू. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, जेवलीस का? मग म्हणाल्या की तू निघालीस त्या दिवशीच संध्याकाळी जीपवाला पारावर सगळं सांगून गेला होता. सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण सरांच्या समोर कुणी काढायचं नाही असं बायकांनी ठरवलंय, त्यांना लई लागलंय ते. म्हणजे अकरा आठवडे मी घामानं न्हाऊन ज्यांच्यापुढं थंडीनं कुडकुडत होते, ते सगळे मला बघून "लई गारठा असंल न्हाई तिकडं?" असं विचारत होते, अगदी मनापासून. शुभेच्छुक म्हणावेत ते हेच.

मी म्हटलं, अहो पण मग लातूर सोडून इतक्या लांब कशाला आलात? रस्ता खराब, तासभर जास्त, वाटेत काही झालं असतं म्हणजे?

"डॉक्टर लातूरच म्हणून राहिले होते," काकू म्हणाल्या. "म्या म्हणलं, न्हाई, नांदेडला न्या. लातूरात आता माझं कोण हाय?"

एक तास वीस मिनिटं. तेवढा वेळ त्या बाकड्यावर दाराकडं बघत बसल्या होत्या, आणि मी दहा मिनिटांवर जर्मनीत होते. मला रडू आलं. नर्स म्हणून आठ वर्षांत रडले नव्हते तेवढी रडले. काकूंनी रडू दिलं आणि मग चहा आणायला पाठवलं.

अण्णांना मी सांगितलं की काकूंना वाटलं मी रजेवर आलेय. ते म्हणाले, बघ, मी म्हणत होतो ना. वहीत त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. कागदांच्या नव्या प्रती दिवाळीच्या सुमारास आल्या. अण्णा त्या नांदेडला घेऊन आले, पण हातात धरेनात, पिशवीसकट माझ्यापुढं ठेवल्या. जानेवारीत मी खरंच गेले. बसस्टँडवर अण्णा, आई आणि मावशी, बस. उदगीरकरांच्या हिशेबानं मी कधीच गेलेली होते, त्यामुळं पुन्हा ओवाळायचा प्रश्नच नव्हता. चौकातला फ्लेक्स तेव्हा काकूंच्या कडब्यावर होता.

तिथून पहिला कॉल काकूंनाच केला. मागं खिडकीत खराखुरा बर्फ, अंगात खराखुरा कोट. नाक लाल झालेलं, बोटं बधिर. त्यांच्या मांडीवर नात होती, सहा महिन्यांची, फोन तोंडात घालायला बघत होती. काकू बराच वेळ निरखून बघत राहिल्या.

"नांदेडला बरी दिसत होतीस," म्हणाल्या.